दमास्कसच्या वाटेचे साक्षीदार

उपासनेच्या पंचांगात २५ जानेवारी हा दिवस प्रेषित संत पौल याच्या परिवर्तनाचा सण म्हणून नेमलेला आहे. संतांचे सण बहुधा त्यांच्या देहत्यागाच्या दिवशी येतात. एका माणसाचे मन पालटले म्हणून अखिल ख्रिस्तसभेने सण पाळावा, हे विरळाच. १८ जानेवारीला सुरू होणारा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह याच दिवशी समाप्त होतो. १९५९ साली याच दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी रोम येथील संत पौलाच्या महामंदिरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा आपला संकल्प प्रथम बोलून दाखविला. म्हणजे ज्या घटनेला आपण इतके महत्त्व देतो, ती घटना खरोखर घडली काय, घडली तर केव्हा, आणि ती घडल्याचे सांगणारे साक्षीदार कोण, हे प्रश्न भाविकाला पडणे मुळीच अनुचित नाही.

हे प्रश्न आमच्या भागात जरा निराळ्या धारेने विचारले जातात. वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव. या वऱ्हाडात ‘धर्मांतर’ हा शब्द सहजपणे उच्चारला जात नाही; त्याला इतिहासाचे ओझे आहे. १९५६ सालापर्यंत वऱ्हाड तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या शासनाने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढे अवघ्या अठरा दिवसांनी वऱ्हाड व नागपूर हा मुलूख मुंबई राज्यात गेला. एकाच प्रदेशात, एकाच वर्षी, माणसाने आपली श्रद्धा का बदलावी याविषयी दोन टोकांच्या भावना प्रकट झाल्या. शाळा-महाविद्यालयांत आपल्या मुलामुलींना आजही विचारले जाते, “तुमच्या आजोबा-पणजोबांना काय मिळाले म्हणून ते ख्रिस्ती झाले?” मुले घरी येतात, वडीलधाऱ्यांना विचारतात, आणि वडीलधारी बहुधा संत पौलाचे उदाहरण देऊन मोकळी होतात. मग एखादा चौकस मुलगा पुढचा प्रश्न टाकतो : पौल बदलला याला पुरावा काय? त्या मुलाला प्रवचन नको आहे, उत्तर हवे आहे. ते आम्ही येथे यथामती देत आहोत.

आधी आपल्या घरच्या एका उदाहरणाकडे वळू, कारण परिवर्तनाचा पुरावा कसा तपासावा हे त्यावरून स्वच्छ कळते. कविवर्य नारायण वामन टिळक काही काळ नागपूरला श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने राहिले होते, म्हणजे ते आपल्या विदर्भालाही अगदी परके नव्हेत. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली. पर्वतावरील प्रवचनापाशी येताच ते पुस्तक टिळकांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके वाटत नाहीत, आणि आम्हालाही वाटत नाहीत.

आता पाहा, टिळकांचे परिवर्तन आपण खरे का मानतो? त्यांनी स्वतः सांगितले, हा एक पुरावा. बाप्तिस्म्याचा दिवस ठाऊक आहे, हा दुसरा. परंतु सर्वांत बलवत्तर पुरावा तिसराच आहे, तो म्हणजे लक्ष्मीबाईंची साक्ष. १९३४ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी तो काळ सांगितला आहे. ज्या स्त्रीला या घटनेने होरपळून काढले, जिचा संसार एका बातमीने दुभंगला, जी त्या वेळी या बदलाच्या पूर्ण विरोधात होती, ती जेव्हा सांगते की हे असे घडले, तेव्हा इतिहासकाराला निराळी शंका घेण्याचे कारण उरत नाही. लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला हे खरे; पण त्यांच्या साक्षीचे मोल त्या आधीच्या दुःखात आहे. आणि या सर्वांहून वेगळा असा आणखी एक पुरावा म्हणजे परिणाम : त्यानंतरची चोवीस वर्षे, १९१९ मधील मृत्यूपर्यंत, टिळकांच्या हातून जे काव्य व कार्य झाले ते त्या परिवर्तनावाचून उलगडत नाही.

स्वतःचे निवेदन, विरोधकांची वा दुखावलेल्यांची साक्ष, काळाचा मेळ आणि परिणाम, या कसोट्या घेऊन पौलाकडे जाऊ.

पौलाच्या नावावर नव्या करारात तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी सात, म्हणजे रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनास, ही पत्रे स्वतः पौलाचीच आहेत याविषयी अश्रद्ध विद्वानांचेही एकमत आहे. ही पत्रे इसवी सनाच्या पन्नासाव्या वर्षाच्या आसपास आणि त्यानंतरच्या दशकात लिहिली गेली. चारही शुभवर्तमाने आज ज्या रूपात आहेत त्या रूपात त्यांच्यानंतरची. तेव्हा नव्या करारातील सर्वांत जुना शब्द वाचायचा असेल तर तो मत्तयाचा नव्हे, पौलाचा वाचावा लागतो. ही गोष्ट आपल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. या पत्रांची सर्वांत जुनी मोठी हस्तलिखित प्रत इ. स. २०० च्या सुमाराची आहे. मिसरी लव्हाळ्याच्या कागदावरील त्या ग्रंथाची मुळात १०४ पाने होती. पैकी ८६ उरली आहेत, आणि ती आयर्लंडमधील डब्लिन व अमेरिकेतील मिशिगन येथे जतन केलेली आहेत.

या पत्रांत पौल आपल्या परिवर्तनाविषयी काय सांगतो? आश्चर्य वाटेल, पण तो फार थोडे सांगतो. प्रकाश नाही, घोडा नाही, आंधळेपण नाही. गलतीकरांच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो की आपण ख्रिस्तसभेचा बेसुमार छळ केला, ती उद्ध्वस्त करू पाहिली. मग ज्या देवाने आपल्याला मातेच्या उदरापासून वेगळे केले त्याने आपला पुत्र आपल्याठायी प्रकट केला. त्यानंतर आपण कोणाही माणसाचा सल्ला घेतला नाही, यरुशलेमला गेलो नाही, अरबस्तानात गेलो व पुन्हा दमास्कसला परतलो. तीन वर्षांनी केफाला, म्हणजे संत पेत्राला, भेटावयास यरुशलेमला गेलो आणि त्याच्याजवळ पंधरा दिवस राहिलो. प्रभूचा बंधू याकोब याच्याखेरीज दुसरा प्रेषित आपल्या दृष्टीस पडला नाही. आणि येथे तो थांबून देवासमक्ष शपथ वाहतो की आपण खोटे लिहीत नाही.

ही शपथ का, याचा विचार करण्याजोगा आहे. गलतीयात त्याचे विरोधक होते. पौल हा दुय्यम प्रेषित, त्याने सर्व काही यरुशलेमच्या मंडळींकडून शिकून घेतले आणि मग मनाला येईल तसे बदलले, असा त्यांचा आरोप. त्या आरोपाला उत्तर देताना पौलाने दिवसांची, वर्षांची, भेटलेल्या माणसांची नावनिशी मोजदाद दिली. न्यायालयात उलटतपासणी चालू असल्यासारखे ते निवेदन आहे, आणि यरुशलेमला जाऊन त्याची शहानिशा करणे त्या विरोधकांना शक्य होते. पेत्र तेव्हा हयात होता.

याच अध्यायाच्या अखेरीस आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची साक्ष आलेली आहे, आणि ती पौलाची नाही. तो सांगतो की यहूदीयातील मंडळ्यांना आपला चेहराही ठाऊक नव्हता. त्यांच्या कानी एवढेच येत होते की जो पूर्वी आपला छळ करीत असे तोच आता त्या विश्वासाची घोषणा करीत आहे. ज्यांचा छळ झाला त्यांचीच ही बातमी. लक्ष्मीबाईंच्या साक्षीला जी किंमत आपण दिली, तीच येथे द्यावी लागते. ज्याच्या हातून आपल्या घरची माणसे तुरुंगात गेली, तो माणूस पालटला असे मानण्याची घाई कोणालाही नसते.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल उठलेल्या प्रभूने कोणाकोणाला दर्शन दिले त्याची यादी देतो आणि शेवटी स्वतःचे नाव घालतो. अकाली जन्मलेल्या बालकासारखे आपण, प्रेषितांत सर्वांत कनिष्ठ, कारण आपण देवाच्या मंडळीचा छळ केला, असे म्हणतो. आपल्या थोरवीची कथा रचणारा माणूस आपला गुन्हा इतक्या वेळा उगाळीत नाही. आणि ही यादी आपल्याला पूर्वीच्यांकडून मिळाली असे तो स्पष्ट सांगतो.

आता ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाकडे येऊ. आपल्या मनात जे चित्र आहे ते तेथून आलेले आहे. संत लूक ही हकीगत एकदा नव्हे, तीनदा सांगतो : नवव्या अध्यायात स्वतःच्या शब्दांत, बाविसाव्यात यरुशलेमच्या जमावापुढे पौलाच्या मुखातून, आणि सव्विसाव्यात अग्रिप्पा राजासमोर. या तिन्ही हकीगती जुळत नाहीत. पहिल्या हकीगतीत बरोबरच्या माणसांना वाणी ऐकू आली पण कोणी दिसले नाही. दुसरीत त्यांना प्रकाश दिसला पण वाणी ऐकू आली नाही. पहिलीत ते स्तब्ध उभे राहिले. तिसरीत सगळेच जमिनीवर पडले. शौलाच्या डोळ्यांवर हात ठेवणारा दमास्कसचा हनन्या तिसऱ्या हकीगतीत नाहीच. शिवाय लूक सांगतो की दमास्कसहून शौल यरुशलेमला गेला, तेथे शिष्य त्याला भीत होते, आणि बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले. पौल मात्र अरबस्तानचे आणि तीन वर्षांचे सांगतो. मुख्य याजकाची पत्रे घेऊन दुसऱ्या प्रांतातील शहरात माणसे पकडण्याचा अधिकार शौलाला कसा मिळाला, याविषयीही इतिहासकार साशंक आहेत.

काही भाविकांना अशा विसंगती दाखविल्या की वाईट वाटते, आणि काही टीकाकारांना त्या सापडल्या की आनंद होतो. आम्हाला दोन्ही भावना अकारण वाटतात. एकच लेखक एकाच ग्रंथात एकच घटना तीनदा सांगतो आणि तपशील जुळवून घेत नाही, याचा अर्थ त्याच्या मते सांगण्याचा गाभा निराळा होता. तो गाभा तिन्ही ठिकाणी अक्षरशः एक आहे : छळ करणारा निघाला, दमास्कसजवळ थांबविला गेला, त्याला नावाने हाक मारली गेली, आणि तू ज्याचा छळ करतोस तो येशू मी आहे असे उत्तर मिळाले. जेथे लूक व पौल यांचे जुळत नाही तेथे पौलाचे ऐकावे, कारण घटना त्याची आहे; जेथे दोघे स्वतंत्रपणे एकच सांगतात, म्हणजे छळ, दमास्कस, दर्शन आणि आमूलाग्र पालट, तेथे इतिहासाला पाय रोवता येतात.

सव्विसाव्या अध्यायात एक मौज आहे. त्या वाणीने शौलाला सांगितले की पराणीवर लाथा झाडणे तुला जड जाते. वऱ्हाडातील शेतकरी जिला तुतारी म्हणतो तीच ही बैल हाकण्याची टोकदार काठी. मागे लाथ मारणाऱ्या बैलालाच तिची आर अधिक बोचते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ही म्हण मूळची ग्रीक असून ती युरिपिडीसच्या नाटकातही आढळते. आणि लूक म्हणतो की वाणी इब्री भाषेत झाली. श्रोता राजा ग्रीक शिक्षणातला, म्हणून म्हण त्याच्या ओळखीची घातली असावी. येथे लूकचा लेखकाचा हात दिसतो, आणि तो दिसला म्हणून काही बिघडत नाही.

घोड्याचेही सांगून टाकू. शास्त्रात घोडा कोठेही नाही. कॅराव्हॅज्योने १६०० च्या सुमारास रोमच्या एका चर्चसाठी काढलेल्या प्रसिद्ध चित्रात अर्धी चौकट घोड्यानेच व्यापली आहे, आणि तेव्हापासून तो आपल्या प्रवचनांतूनही दौडत असतो. यरुशलेम ते दमास्कस हे अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे जवळपास अकोल्याहून नागपूरला जाण्याइतके. आठवडाभराची ती पायपीट असावी. तसेच ‘शौलाचा पौल झाला’ हे आपण बाप्तिस्म्याच्या नामकरणासारखे समजतो, तेही बरोबर नाही. कृत्यांच्या तेराव्या अध्यायात, कुप्र बेटावर, लूक सहज सांगून जातो की शौलाला पौलही म्हणत. एक नाव घरचे इब्री, दुसरे रोमन जगातले.

काळाचा मेळ ही कसोटी आता घेऊ, कारण येथे दगडच बोलू लागतात. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल एक फजितीची गोष्ट सांगतो. दमास्कसमध्ये अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने त्याला पकडण्यासाठी शहरावर पहारा बसविला, तेव्हा लोकांनी त्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले. हा अरीतास म्हणजे पेट्रा ही राजधानी असलेल्या नबाती अरबांचा चौथा अरीतास. त्याची मुलगी हेरोद अंतिपासला दिलेली होती. हेरोदियेच्या नादाने हेरोदाने तिला टाकले, आणि याच हेरोदियेपायी पुढे संत जॉन बाप्तिस्टाचे शिर गेले. लेकीच्या अपमानाचा राग आणि सीमेचा तंटा यांतून अरीतासने इ. स. ३६ च्या सुमारास हेरोदाच्या सैन्याचा धुव्वा उडविला, असे यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. अरीतास इ. स. ४० च्या सुमारास वारला. त्याचा अधिकारी दमास्कसमध्ये कोणत्या हक्काने होता, शहर त्याच्या ताब्यात होते की तेथील नबाती वस्तीचा तो मुखिया होता, यावर वाद आहे. पण अरीतास जिवंत असल्याखेरीज ही गोष्ट घडू शकत नाही. म्हणजे इ. स. ४० पूर्वीच पौल ख्रिस्ताचा प्रचारक म्हणून पळ काढण्याच्या स्थितीत पोहोचला होता. पौल ज्याला अरबस्तान म्हणतो तो प्रदेश याच अरीतासचा. तेथे त्याने काहीतरी केल्यावाचून राजाचा माणूस त्याच्या मागे लागला नसता. दोन निरनिराळ्या पत्रांत, निरनिराळ्या हेतूंनी, सहज आलेली ही दोन वाक्ये एकमेकांना असा आधार देतात. कट रचून असे साधत नाही.

दुसरा दगड ग्रीसमधील डेल्फी येथला. रोमन सम्राट क्लौद्य याच्या एका पत्राचा शिलालेख तेथे तुकड्या-तुकड्यांनी सापडला, आणि १९०५ साली त्यातील गल्लियोचा उल्लेख अभ्यासकांपुढे आला. कृत्यांच्या अठराव्या अध्यायात करिंथ येथे पौलाला ज्याच्या न्यायासनापुढे उभे केले तोच हा प्रांताधिपती. सम्राटाच्या सव्विसाव्या जयघोषाचा उल्लेख त्या लेखात आहे. त्यावरून गल्लियोचा कारभार इ. स. ५१-५२ मध्ये बसतो. पौल करिंथला दीड वर्ष होता. तेथून मागे मोजत यरुशलेमची सभा सुमारे ४८-४९ मध्ये येते. गलतीकरांच्या पत्रातील तीन वर्षे व चौदा वर्षे त्यातून वजा करावी, आणि अपुऱ्या वर्षालाही पूर्ण वर्ष मोजण्याची प्राचीनांची रीत ध्यानात घ्यावी, म्हणजे परिवर्तन इ. स. ३१ ते ३६ च्या दरम्यान येऊन ठेपते. प्रभूचे क्रूसारोहण इ. स. ३० किंवा ३३ मधील. म्हणजे क्रूस आणि दमास्कसची वाट यांत पिढ्यान्पिढ्यांचे अंतर नाही. फार तर पाच-सहा वर्षांचे आहे.

विरोधकांची साक्ष शोधू गेले तर तीही मिळते. यहुदी चालीरीती पाळणारा एबियोनी नावाचा जुना ख्रिस्ती पंथ पौलाचा द्वेष करी. त्यांची एक कथा चौथ्या शतकातील बिशप एपिफानियस याने नोंदवून ठेवली आहे : पौल मुळात ग्रीक, याजकाच्या मुलीच्या लोभाने तो यहुदी झाला, ती मिळाली नाही म्हणून चिडून त्याने नियमशास्त्राविरुद्ध लेखणी उचलली. आपल्या मुलांना विचारला जाणारा प्रश्न किती जुना आहे पाहा! ‘काय मिळाले म्हणून बदलला?’ हा प्रश्न पौलालाही सुटला नाही. परंतु त्या द्वेष्ट्यांनीही तो बदललाच नाही असे म्हटले नाही. त्यांनी हेतूवर बोट ठेवले, घटनेवर नाही.

हेतूचा विचार १७४७ साली इंग्रज मुत्सद्दी लॉर्ड लिटलटन यांनी एका छोट्या पुस्तकात केला. पौलाला यातून धन मिळाले नाही, कारण तो हातांनी तंबू शिवून पोट भरी. मान मिळाला नाही, कारण ज्या समाजात त्याला मान होता तोच त्याने गमावला. सत्ता मिळाली नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढे १८६६ मध्ये फ्रेंच पंडित अर्नेस्ट रेनाँ यांनी हेर्मोन पर्वताकडील वादळ, ताप, डोळ्यांचा दाह अशी कारणे सुचविली. कोणी फेफऱ्याचे नाव घेतले. ताप येतो आणि उतरतो. तापात झालेला भास माणसाला तीसेक वर्षे तुरुंग, फटके व जहाजफुटी सोसायला लावतो, हे आम्हाला पटत नाही. मात्र येथे इतिहासाची हद्द संपते हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पौलाने काहीतरी पाहिले अशी त्याची अढळ खात्री होती, आणि त्या खात्रीने तो उलट दिशेला वळला, एवढे इतिहास ठामपणे सांगतो. जे पाहिले ते उठलेला ख्रिस्तच होता, हे श्रद्धा सांगते. चौकस मुलाला दोन्ही वाक्ये वेगवेगळी सांगावीत.

आणि त्याला आणखी एक सांगावे. पौलाने ‘धर्म बदलला’ असे पौल स्वतः कोठेही म्हणत नाही. स्वीडिश विद्वान क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९६३ मधील एका निबंधात याकडे लक्ष वेधले. मातेच्या उदरापासून वेगळे करणे ही भाषा संदेष्टा यिर्मया व यशया यांच्या पाचारणाची आहे. पौल आपल्या अनुभवाला पाचारण समजतो. त्या काळी ‘ख्रिस्ती धर्म’ असा निराळा धर्म अजून झालाच नव्हता. पौलाला यहुद्यांकडून पाच वेळा एक कमी चाळीस फटके बसले, असे तो लिहितो. ही सभास्थानाची शिक्षा; सभास्थानाशी नाते तोडणाऱ्याला ती देता आली नसती. तो पाच वेळा पाठ पुढे करता झाला, कारण त्याने आपले लोक सोडले नव्हते. टिळकांचेही तेच. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि अभंग व कीर्तन त्यांनी कधी टाकले नाही.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे, व ते टाळून पुढे जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. गोव्यात १५४१ साली स्थापन झालेल्या पवित्र श्रद्धेच्या बंधुसंघाने विद्यालय उभारले. त्याचे चर्च २५ जानेवारी १५४३ रोजी, या सणाच्या दिवशीच, अर्पण करण्यात आले. म्हणून ते संत पौलाचे विद्यालय झाले, आणि ते चालविणाऱ्या येशूसंघीयांना भारतात ‘पाउलिस्त’ हे नाव पडले. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली तेथेच आला. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर १५५४ मध्ये प्रथम तेथेच आणले गेले. आपल्या भाषेवर व श्रद्धेवर त्या वास्तूचे ऋण मोठे आहे. परंतु या सणाला तेथे सामुदायिक स्नानसंस्काराचे थाटाचे सोहळे होत, आणि त्यांच्या मागे पोर्तुगीज सत्तेचे हुकूम उभे होते. तिसवाडीतील देवळे त्यापूर्वीच पाडली गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी खाडीपलीकडे प्रियोळला नेला. जे मनापासून आले त्यांची श्रद्धा आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दमास्कसच्या वाटेवर अधिकारपत्र ज्याच्या खिशात होते तोच धुळीत पडला होता, आणि उठल्यावर ते पत्र त्याच्या कामाचे राहिले नव्हते. सणाचा हा अर्थ त्या थाटात हरवला असे आमचे मत आहे. जुन्या गोव्यात आज त्या चर्चच्या दर्शनी भिंतीची तेवढी एक कमान उभी आहे.

पौलाच्या देहाविषयी दोन शब्द. रोमच्या ज्या महामंदिरात पोप जॉन यांनी परिषदेचा संकल्प सांगितला, त्याच्या वेदीखालील दगडी शवपेटी २००६ साली उजेडात आणली गेली. पौलवर्षाच्या अखेरीस, जून २००९ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जाहीर केले की आतील अस्थींच्या कणांची कार्बन-परीक्षा झाली असून ते पहिल्या वा दुसऱ्या शतकातील माणसाचे आहेत. नाव अस्थींवर लिहिलेले नसते. तरी परंपरेला बाध येत नाही, इतके म्हणता येते.

त्याहून आम्हाला गलतीकरांच्या पत्राचा शेवट जवळचा वाटतो. सारे पत्र लेखनिकाकडून लिहवून झाल्यावर पौलाने लेखणी स्वतः हाती घेतली, आणि पाहा, मी स्वतःच्या हाताने किती मोठी अक्षरे काढीत आहे, अशा अर्थाचे काही लिहिले. काही भाष्यकार यावरून त्याची दृष्टी मंद होती असे अनुमान काढतात, काही म्हणतात की ठाशीवपणासाठी अक्षरे मोठी काढली. ते मूळ पान केव्हाच नष्ट झाले. ते वाक्य मात्र नकलाकारांच्या हातांतून उतरत आले, आणि ज्या पत्रात छळाची कबुली व शपथ आहे त्याच पत्राच्या तळाशी ते आजही आहे.